कार्ड महागलं म्हणून सगळी गाणी एकाच कार्डावर?

मागच्या आठवड्यात मामाचा फोन आला. मिरजेजवळच्या गावात त्याचं भजनी मंडळ आहे आणि मंडळाचं रेकॉर्डिंग तो एका आठ ट्रॅकच्या रेकॉर्डरवर करतो. म्हणाला, "अरे, सांगलीला कार्ड आणायला गेलो होतो. दुकानदार म्हणतो कालचा भाव आज नाही. मग म्हटलं राहू दे, जुन्याच कार्डावर चालवू. जागा आहे अजून त्यात."

त्याचं शेवटचं वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला. का, ते पुढे सांगतो. आधी दुकानदार काय म्हणत होता ते बघू, कारण तो खोटं बोलत नव्हता.

कार्ड, पेनड्राइव्ह, फोनची स्टोरेज, लॅपटॉपची एसएसडी या सगळ्यांच्या पोटात एकाच जातीची चिप असते, नँड फ्लॅश. ती बनवणारे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके: सॅमसंग, एसके हायनिक्स, किओक्सिया, सँडिस्क, मायक्रॉन आणि चीनची वायएमटीसी. बाजारातली डझनभर नावं यांच्याच चिप्स घेऊन वरून आपलं स्टिकर लावतात. २०२३ मध्ये चिप्सचे भाव इतके पडले होते की या कंपन्यांनी उत्पादनच कमी केलं. त्यानंतर एआयची लाट आली. डेटा सेंटरवाले आधी रॅम उचलायला लागले, मग मोठ्या एसएसडी. कारखाना एका रात्रीत वाढत नाही, त्याला वर्षं लागतात. त्यामुळे आहे तो माल जास्त पैसे देणाऱ्याकडे जातो, आणि जास्त पैसे देणारा तुम्ही-मी नाही.

वारा कुठल्या दिशेने वाहतोय याचा सगळ्यात स्पष्ट इशारा ३ डिसेंबर २०२५ ला मिळाला. मायक्रॉनने आपला 'क्रुशल' हा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. दुकानांत जाणारा माल फेब्रुवारी २०२६ पर्यंत, नंतर नाही. क्रुशल म्हणजे घरच्या पीसीला रॅम घालणाऱ्यांचा जुना, भरवशाचा ब्रँड. त्यांची मेमरी कार्डंही यायची. कारण कंपनीने आडवळणाने नाही, सरळच सांगितलं: डेटा सेंटरची मागणी वाढली आहे आणि मोठ्या ग्राहकांना माल पुरवायचा आहे.

आता घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याला याचा फटका कसा बसतो? माझ्या मते भावापेक्षा भावामुळे लागणाऱ्या सवयींचा फटका मोठा आहे. तीन गोष्टी मला आत्ताच दिसायला लागल्यात. एक, लोक नवीन कार्ड न घेता जुनंच भरत राहतात आणि ते मशीनमधून काढतही नाहीत. दोन, कुठल्यातरी साइटवर निम्म्या भावात मिळणारं ५१२ जीबीचं कार्ड उचलतात, जे बहुतेक वेळा ५१२ जीबीचं नसतंच. तीन, जागा वाचवायला जुनी गाणी डिलीट करतात, आणि ती दुसरीकडे उतरवली होती की नाही हे आठवत नसतं.

यातली गंमत अशी की मोठ्या कार्डाची गरज मुळात आहे का, हा हिशोब कुणी करत नाही. करून बघू.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एक ट्रॅक म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक ३ बाइटचा. म्हणजे १,४४,००० बाइट. मिनिटाला साधारण ८.६ एमबी. आठही ट्रॅक एकदम चालू असले तर मिनिटाला ६९ एमबी, तासाला सव्वाचार जीबीच्या जरा आत. ३२ जीबीच्या साध्या कार्डावर आठ ट्रॅकचं साडेसात तास रेकॉर्डिंग बसतं. १६ बिट, ४४.१ वर केलंत तर साडेबारा तास. एका बैठकीत एवढं कोण गातं? अखंड हरिनाम सप्ताह सोडला तर कुणी नाही.

वेगाचंही तसंच. आठ ट्रॅकना सेकंदाला १.१५ एमबी लागतात. कार्डावर गोलात १० लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ किमान १० एमबी प्रति सेकंद. व्ही३० म्हणजे ३० एमबी. फोर-के व्हिडिओवाल्यांसाठीची महाग कार्डं आपल्या कामाला लागतच नाहीत. "कार्ड स्लो" असा संदेश येत असेल तर बऱ्याचदा कार्ड नुसतं भरलेलं असतं आणि वर्षानुवर्षं डिलीट-रेकॉर्ड करून त्यावर फायलींचे तुकडे विखुरलेले असतात. सगळं उतरवून घेऊन रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट मारा, तेच कार्ड पळायला लागतं.

शिवाय जुन्या मशीनना मोठं कार्ड चालतही नाही. झूमचे आर१६, आर२४ किंवा टास्कॅमचा डीपी-२४एसडी यांची मर्यादा ३२ जीबी आहे. ३२ पर्यंतची कार्डं एसडीएचसी, त्यावरची एसडीएक्ससी. दोघांची फाइल सिस्टीम वेगळी, एकाची फॅट३२, दुसऱ्याची एक्सफॅट. जुन्या मशीनला दुसरी कळत नाही.

म्हणजे महागाईत सुद्धा आपल्याला हवीत ती नावाजलेल्या कंपनीची, ओळखीच्या दुकानातली दोन ३२ जीबी कार्डं. एक मशीनमध्ये, एक खिशात. मामाला मी हेच सांगितलं. पण त्याचा प्रश्न जागेचा होता आणि माझी भीती वेगळीच होती. त्याच्या "जुन्याच कार्डावर" पाच वर्षांचं सगळं आहे आणि ते दुसरीकडे कुठेही नाही.

हे काही त्याचं एकट्याचं नाही. घरी मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग करणाऱ्यांचा हा जुनाच रोग आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनवरचा सिनेमा आला, 'डिलिव्हर मी फ्रॉम नोव्हेअर'. त्याच्या 'नेब्रास्का' या अल्बमची गोष्ट आहे. हा बाबा जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात बसला, टास्कॅमचा पोर्टास्टुडिओ १४४ घेतला (साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारी ही मशीन १९७९ ची, आजच्या सगळ्या डब्यांची आजी) आणि डेमो म्हणून गाणी रेकॉर्ड केली. ती कॅसेट तो नंतर बरेच दिवस खिशात घालून फिरत होता, तिला कव्हरसुद्धा नव्हतं. स्टुडिओत बँडबरोबर तीच गाणी पुन्हा केली तर ती मजा येईना, म्हणून शेवटी त्या खिशातल्या कॅसेटवरूनच अल्बम निघाला. सिनेमाला जाऊन आलेले सगळे या गोष्टीने भारावून जातात. मला मात्र सिनेमा बघताना एवढंच सुचत होतं की बाबा रे, ती पँट धुवायला गेली असती तर?

कॅसेटपेक्षा कार्ड एका बाबतीत वाईट आहे. कॅसेट बिघडली तर हळूहळू बिघडते, खरखर वाढते, चिकटवून वाजवता येते. कार्ड काल चालत होतं, आज "नो कार्ड" म्हणतं. फ्लॅश चिपमध्ये डेटा म्हणजे बारीक खान्यांत अडकवलेला विद्युतभार असतो. तो सावकाश गळतो, उष्णतेत जास्त गळतो, आणि चिप जितकी वापरलेली तितका जास्त. एप्रिलमधल्या पत्र्याच्या खोलीत, कपाटावरच्या डब्यात चार वर्षं ठेवलेलं कार्ड म्हणजे बॅकअप नव्हे.

आता ती पोटातल्या गोळ्याची गोष्ट.

माझे आजोबा, म्हणजे मामाचे वडील, पखवाज वाजवायचे आणि गायचेही. दोन वर्षांपूर्वी कार्तिकीच्या आधी आम्ही देवळात बसून चार ट्रॅकवर रेकॉर्ड केलं: आजोबांचा आवाज, पखवाज, पेटी आणि टाळकऱ्यांचा एक माइक. ६८ मिनिटं. आजोबा माघात गेले. मी तेव्हा पुण्यात, ऑफिसच्या रिलीजमध्ये अडकलेलो. "उतरवून घेऊ निवांत" असं म्हणत राहिलो. मे महिन्यात गावी गेलो, मामाचं दुसरं कार्ड मशीनमध्ये आहे असं समजून मेनूत गेलो, फॉरमॅट दाबलं. मशीनने विचारलं, नक्की? मी म्हटलं, येस. दिवसभर प्रॉडक्शन सर्व्हरवर "आर यू शुअर" वाचणारा माणूस मी.

झटपट फॉरमॅटमध्ये सहसा डेटा पुसला जात नाही, कुठल्या फाईलचा कुठला तुकडा कुठे आहे हा तक्ता पुसला जातो. म्हणून पहिलं काम केलं ते बरोबर केलं: कार्ड लगेच बाहेर काढलं, त्यावर एक बाइटही लिहिला नाही. लॅपटॉपवर डीडीरेस्क्यूने आख्ख्या कार्डाची जशीच्या तशी प्रतिमा काढली आणि पुढचं सगळं त्या प्रतिमेवर केलं. मग रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं. फोटो असते तर तिथेच सुटलो असतो.

मल्टिट्रॅकमध्ये घोळ वेगळा असतो, आणि तो मला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हता. फोटो सहसा सलग लिहिला जातो. इथे चार फायली एकाच वेळी वाढत असतात. ३२ जीबीच्या कार्डावर जागेचा एक खाना बहुधा ३२ केबीचा असतो, म्हणजे २४ बिट, ४४.१ वर एका ट्रॅकचं साधारण पाव सेकंद. त्या मशीनने काय केलं होतं, तर पाव सेकंद आवाज, पाव सेकंद पखवाज, पाव सेकंद पेटी, पाव सेकंद टाळ, पुन्हा आवाज, असं पत्ते पिसल्यासारखं ६८ मिनिटं लिहिलं होतं. रिकव्हरी सॉफ्टवेअरला तक्ता नसताना हे कळत नाही. त्याने मला काही पाव-पाव सेकंदाच्या फायली दिल्या आणि एक भलीमोठी. ती लावली तर पखवाजाची एक थाप आणि नंतर कान फाटेल अशी खरखर. खरखर का? तर प्रत्येक नमुना ३ बाइटचा आणि ३२ केबीला ३ ने नि:शेष भाग जात नाही. तुकडा चुकीच्या जागी जोडला की नमुन्यांची सुरुवात एक-दोन बाइटने सरकते आणि सगळे आकडे निरर्थक होतात. डेटा एकूणएक शाबूत होता आणि ऐकायला फक्त वादळ होतं.

चार रात्री घालवून मी एक पायथनची स्क्रिप्ट लिहिली. प्रतिमेतले खाने क्रमाने घ्यायचे, चौघांत वाटायचे, बाइटचा सरकलेपणा तपासायचा, जोड बरोबर बसला का ते शेवटचा आणि पहिला नमुना जवळपास आहेत का यावरून ठरवायचं. तिसऱ्या रात्री आजोबांचा खाकरण्याचा आवाज आला आणि मग पहिला अभंग. ४१ मिनिटं पूर्ण जुळली. त्यापुढे गोंधळ आहे, कारण आम्ही मध्ये दोन टेक डिलीट केले होते, त्या मोकळ्या झालेल्या जागा मशीनने अधूनमधून वापरल्या आणि क्रम मोडला. २७ मिनिटं अजून त्या प्रतिमेतच पिसलेली आहेत.

यावरून एक गोष्ट मी रेकॉर्डर असलेल्या प्रत्येकाला सांगतो: "गेलं तर रिकव्हर करू" हा भरवसा मल्टिट्रॅकला लागू नाही. फोटोवाल्या मित्राचा अनुभव इथे चालत नाही.

बरं, मग उतरवून घ्यायचं म्हणजे नेमकं काय? इथे बऱ्याच जणांची फसगत होते, कारण सगळ्या मशीन कार्डावर सारखं लिहीत नाहीत. झूमच्या आर मालिकेत काम सोपं आहे. प्रत्येक प्रोजेक्टचा फोल्डर, आत ऑडिओच्या फोल्डरमध्ये सरळ वेव्ह फायली, शेजारी सेटिंगची एक छोटी फाईल. आख्खा फोल्डर कॉपी केला की झालं. टास्कॅमच्या डीपी मालिकेतल्या काही मशीनमध्ये कार्डाचे दोन भाग पडलेले असतात. गाणी एका भागात, आणि यूएसबी लावल्यावर कॉम्प्युटरला दिसतो तो दुसरा. मी असा एक माणूस पाहिलाय ज्याने वर्षभर इमानेइतबारे तो रिकामा भाग कॉपी केला. तिथे आधी मशीनच्या मेनूतून गाण्याचा बॅकअप किंवा ट्रॅकची वेव्ह फाईल त्या दुसऱ्या भागात काढावी लागते, मग ती कॉम्प्युटरवर घ्यायची. बॉसच्या बीआर-८०० सारख्या मशीनमध्ये ट्रॅक कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने लिहिलेले असतात आणि ते वेव्ह करायला कंपनीचंच छोटं सॉफ्टवेअर लागतं.

म्हणून माझा आग्रह दोन्हींचा असतो. मशीनचा स्वतःचा बॅकअप ठेवा, कारण त्यात फेडर, इफेक्ट, सगळं जसंच्या तसं परत येतं. आणि प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेव्ह म्हणूनही काढा, कारण दहा वर्षांनी ती मशीन असेलच असं नाही, ते सॉफ्टवेअर तेव्हाच्या विंडोजवर चालेलच असं नाही, पण वेव्ह कुठेही वाजेल. फेडरच्या जागा वेव्हमध्ये येत नाहीत, त्यासाठी मोबाइलने मशीनचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका. सोबत एक साधी टेक्स्ट फाईल: कोणत्या ट्रॅकवर कोण, सूर काळी चार की पांढरी पाच, तारीख, गाव. मामाच्या कार्डावर "गाणं ००७" नावाची एकोणीस गाणी आहेत.

कॉपी झाल्यावर कार्ड लगेच पुसू नका. तीन गाणी सुरुवात-मध्य-शेवट अशी कॉम्प्युटरवरून ऐका. मग वेव्हचं फ्लॅक करा. दर्जा कणभरही कमी होत नाही आणि आकार साधारण निम्मा ते दोन तृतीयांश होतो. बराच वेळ शांत असलेला ट्रॅक असेल तर त्याहून कमी. मला फ्लॅक आवडतं ते मात्र दुसऱ्या कारणासाठी. त्याच्या पोटात मूळ आवाजाचा एक ठसा साठवलेला असतो, त्यामुळे फाईल वर्षांनी बिघडली आहे का हे एका कमांडने तपासता येतं. वेव्हमध्ये ती सोय नाही.

प्रती किती? एक लॅपटॉपवर, एक जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावात किंवा क्लाउडवर. गूगलच्या फुकटच्या १५ जीबीत आठ ट्रॅकचे तीन-साडेतीन तास वेव्हमध्येच बसतात, फ्लॅक केलं तर अजून जास्त. पण त्या १५ जीबीत तुमचं जीमेल आणि फोटोही असतात, हे विसरू नका. घरात पडलेली जुनी ५०० जीबीची लॅपटॉपची डिस्क असेल तर तिला यूएसबीचा डबा घ्या. आजच्या भावात स्टोरेजचा इतका स्वस्त पर्याय दुसरा नाही.

नवीन कार्ड घेतलंत तर पहिल्या दिवशी ते पूर्ण भरून परत वाचून बघा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफ३, दोन्ही फुकट. नकली कार्ड आपण ५१२ जीबी आहोत असं सांगतं, आणि खऱ्या ३२ जीबीनंतर आधीच्याच जागेवर लिहायला लागतं किंवा लिहिल्याचं नाटक करतं. रेकॉर्डरला काही कळत नाही, तो शांतपणे रेकॉर्ड करत राहतो. भाव चढलेल्या बाजारात असा माल वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

अजून एक, विजेचं. गावाकडे रेकॉर्डिंग चालू असताना लाइट गेली तर वेव्हच्या डोक्यावर लांबी लिहायची राहून जाते, आणि फाईल शून्य सेकंदाची दिसते. घाबरून डिलीट करू नका. बऱ्याचदा आतला डेटा असतो. ऑडॅसिटीमध्ये "रॉ डेटा" म्हणून उघडून बिट आणि नमुने बरोबर दिले की वाजतो. आणि मशीन बॅटरीवर चालत असेल तर अडॅप्टर लावला तरी सेल घालूनच बसा.

मामाला शनिवारी यायला सांगितलंय, कार्ड, मशीन आणि तिची यूएसबी केबल घेऊन. तोवर नवीन रेकॉर्डिंग बंद, कार्ड काढून त्याचं लॉकचं बटण खाली सरकवून डबीत. पाच वर्षांतली किती गाणी त्यावर आहेत ते त्यालाही माहीत नाही. उतरवायला रात्र जाईल. ती जुनी प्रतिमाही मी डिस्कवर ठेवलेली आहे. राहिलेल्या २७ मिनिटांसाठी स्क्रिप्ट पुन्हा उघडलीय. परवा त्यातले अकरा सेकंद जुळले, पेटीचे.